शेपटीतली चिपाडं

राजारामपुरी, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पा,

नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नका. आम्ही बरे आहोत. येत्या रविवारी हातकणंगल्याला येणं जमणार नाही. कॉलेजच्या संग्रहालयाचं काम आहे. त्याबद्दल तुम्ही फोनवर जे सांगितलंत, त्याला हे उत्तर. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

घोरपड उघडली. वनखात्याने सत्त्याण्णव साली कॉलेजला मेलेली दिलेली, संग्रहालयासाठी तुमच्या देखरेखीखाली भरलेली, वर्षभरात शेपूट कुजून तुटलेली, तेव्हापासून माळ्यावर पडलेली.

"आतलं सगळं काढून टाक, फोम घाल, विषय संपव," असं तुम्ही म्हणालात. फोम चांगला असतो. हलका, किडत नाही. पण मी तो घालणार नाही.

धडात काथ्या आहे. बारीक पिंजलेला, तारेभोवती सुतळीने आवळलेला. घोरपडीला केस नसतात. आत गाठ राहिली की कातडीवर दिसते. अठ्ठावीस वर्षांनी एकही दिसत नाही. हे ज्ञानूमामांचं काम. तुमच्या प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शेपटीत उसाची चिपाडं आहेत. काळी पडलेली, मुंग्यांनी पोखरलेली.

शेपूट तुटल्यावर कॉलेजने केलेल्या चौकशीच्या कागदात आहे : 'शिपायाने परस्पर अयोग्य भराव वापरला.' खाली तुमची सही. त्यावरून ज्ञानूमामांना कामावरून काढलं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते, पन्हाळ्याच्या पायथ्याला. धडातला चिमूटभर काथ्या दाखवला. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला.

"आता शेपटीत काय घालताय, अनुताई? गूळच घाला की सरळ. मुंग्यांचा हेलपाटा वाचंल."

आतून त्यांच्या पत्नी, शालूबाई, ओरडल्या, "च्या करू का हाकलू, ते सांगा आदी!"

"कर की. पोरगी हाय, सर न्हवं."

मग त्यांनी सांगितलं. शेपटीला काथ्या अजून बारीक पिंजायचा. टोकाला कापूस. ठासून भरायचं नाही, खवल्यांत फटी पडतात. मी लिहून घेतलं.

खरं तर मी माफी मागायला गेले होते. चहा पिऊन परत आले.

गुऱ्हाळावरून चिपाडं आणली तेव्हा तुमच्या स्कूटरवर मागे मी होते. पोतं माझ्या मांडीवर होतं. ज्ञानूमामा म्हणाले होते, "सर, गोड हाय त्यात. मुंग्या येतील की." तुम्ही म्हणालात, "तू मला शिकवणार व्हय?" आणि शेपूट स्वतः भरलीत. चौकशीत मला विचारलं, कुणी भरली? मी एम.एस्सी.ला होते, तुमच्याच विभागात. मी म्हणाले, "आठवत नाही."

त्या दिवशी घरी तुम्ही माझ्या ताटात स्वतः वाढलंत. त्याआधी कधी वाढलं नव्हतं.

दुरुस्तीची नोंद मी लिहिली आहे. धड ज्ञानदेव बाळासो पोवार यांनी भरलं, ते तसंच ठेवलं आहे. शेपटीत प्रा. शशिधर मगदूम यांनी चिपाडं भरली, ती कुजली, काढली. नवा भराव काथ्याचा, पोवार यांच्या सांगण्याप्रमाणे. चौकशीत मी खोटं बोलले, हेही लिहिलं आहे. चिपाडं टाकली नाहीत. काचेच्या बरणीत नोंदीसोबत ठेवली आहेत.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. नोंद काल प्राचार्यांकडे दिली.

वीस तारखेला दालन उघडायला तुम्हाला बोलावलंय. या. ज्ञानूमामांनाही बोलावलंय. ते येतो म्हणालेले नाहीत. आले तर आधी त्यांच्याशी बोला, मग फीत कापा. ते जमणार नसेल तर येऊ नका.

नोंदीखाली पूर्ण नाव लिहावं लागतं. लग्नानंतर मी ते बदललं नाही, त्यामुळे मधलं अजून तुमचंच आहे. ते मला गाळायचंही नाही.

अनुजा शशिधर मगदूम