कागदात खोलीचा रकाना न्हाई

राहू, रविवार

अगं ताईबाई, पहिली आली ती मोनाली, चष्म्याची, हातात कागदांची चळत. मागनं तिचे सर, घामाघूम. सलाम-रामराम राहूनच गेला बघ, आता दोन्ही घे. तुझा गुडघा कसा हाय? माझा तसाच, आन् आज तर डोकंबी तापलंय.

ही दोघं पुण्याहून आली, कशाला, तर मुसलमानाच्या प्रगतीला त्याचा धर्म किती आडवा येतो ते लिहायला. (चहा दोनदा प्याले. सर बशीत वतून प्याले, तवा माणूस बरा वाटला.) पोरींना शिकू देता का? कामाला धाडता का? मला तर सांगायचंच व्हतं! म्हटलं, आमची नात करिश्मा आयटीआय झाली, फिटर. रांजणगावच्या कंपनीनं घेतलीय, एक तारखेला हजर व्हायचंय. यष्टी स्टँडापतूर पेढे वाटले मी. पाच वक्त नमाज पढणारा तिचा आजा दोन वर्षं रोज सकाळी तिला यष्टीत बसवून यायचा (येताना भाजी आणायची इसरायचा, ते येगळं). मौलानांनी दुवा दिली आन् हळूच इचारलं, माझ्या भाच्याचंबी जमंल का तिथं? हे ऐकून सरांचं तोंडच उतरलं. त्यांना कायतरी आडवं आलेलं पाहिजे व्हतं.

मंग म्हटलं, लिवा, येतो आडवा. पर आमच्या उंबऱ्यात न्हाई, कंपनीजवळच्या कारेगावात, भाड्याच्या खोलीच्या दारात. रातपाळी करून पोरगी रोज राहूला कशी येणार? सहा ठिकाणी फोन केले. करिश्मा नाव ऐकून समदे म्हणत्यात या. आधार कार्डावर मुलाणी दिसलं की एकाचं पाणी कमी पडतं, एकाचा मेव्हणा ऱ्हायला येतो, आन् शेवटचा म्हणाला, आमच्यात नॉनव्हेज चालत न्हाई. सरांनी कागद उलटापालटा केला. खोलीचा रकानाच न्हाई! म्हणाले, 'इतर'मधी टाकू. ताईबाई, अंगाची लाही झाली. पोरीची नोकरी जायची पाळी आली, आन् ते म्हणं 'इतर'! धर्म आडवा येतो का, हे मलाच काय इचारता? कुलूप ज्यांच्या हातात हाय त्यांना इचारा की! लई बोलले मी. मोनालीनं पेन मिटला आन् ती जागा कोरीच ठिवली.

लेकराबाळांना दुवा.

तुझी जैतुनबी

ता.क. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध, गरम करून.

आन् आणिक एक. नॉनव्हेज चालत न्हाई म्हणणारा तुझा लेक हनुमंत. करिश्माला ठावं नव्हतं. तिनं पाटीचा फोटू दावला तवा मी वाचलं, 'ताईबाई निवास'. अगं, मुलाण्यानं सुरी लावल्याबिगर तुमच्यातबी बकरं शिजत न्हाई. त्याच्या लग्नाच्या जागरणाची तिन्ही बकरी आमच्या ह्यांनी कापली, आन् पहिल्या पंगतीला नळी चोखत कोण बसलं व्हतं? मी न्हाई त्याच्याशी बोलणार. तू बोल. पाटीवर नाव तुझं हाय.

पुण्याची ती दोघं गुरुवारी परत येतो म्हणालीत, ती कोरी जागा भरायला.