दळवीमामांचा शब्द

५ फेब्रुवारी १९५६, रविवार
कर्फ्यू उठला तरी पोलीस चाळीत येतातच. आज पुन्हा. दंगलीत नाक्यावरचं कापडाचं दुकान फुटलं, त्यात आमच्या चाळीतली पोरं होती म्हणे. बबनला जिन्याखाली गाठून विचारलं. आधी नाही, नाही. मग रडला. "मी आत गेलो ताई, पण कुलूप सुरेशने तोडलं." याने काय उचललं? धोतरजोडी. अंधारात, आईसाठी लुगडं म्हणून. पंधरा वर्षांचा घोडा झालाय. हसू की मारू.

६ फेब्रु., सोम.
दळवीमामा आले. बाबा गेल्यापासून आम्हाला आधार तेवढाच. मोर्चा, सभा, भांडणं, चाळीत सगळं त्यांच्या शब्दावर. त्यांच्याच मुलाचं, सुरेशचं नाव मी कशी काढणार? त्यांनीच काढलं. "सुरेश सतरा पूर्ण. त्याला मोठ्या कोर्टात उभा करतील, सरळ तुरुंग. बबन लहान, मुलांच्या कोर्टात समज देऊन सोडतात. तू स्वतः पोलिसात घेऊन जा. मी कोर्टात येतो, पोराची जबाबदारी माझी म्हणून सांगतो. फक्त सुरेशचं नाव नको."
मला पटलं नाही पूर्ण. आई म्हणाली, "दळवी सांगतत तर जा. तेंका कळता."

७ फेब्रु., मंगळ.
नेलं. बबनने सगळं कबूल केलं, कुलूपसुद्धा. साहेब चांगले बोलले, मला बसायला खुर्ची दिली. पोराला रिमांड होमला पाठवलं. गाडीत चढताना हसत म्हणाला, "माझा पतंग कुणाला देऊ नको हां."

१३ फेब्रु., सोम.
कोर्टाकडून प्रोबेशनच्या बाई घरी चौकशीला येऊन गेल्या. खादीची साडी, मऊ बोलणं. मी नर्स म्हटल्यावर खूश झाल्या. रात्रपाळी असते तेव्हा मुलाकडे कोण बघतं? खरं तेच सांगितलं. आईला नीट दिसत नाही, बबन गॅलरीत झोपतो, दळवीमामांचं लक्ष असतं. "तुमच्यासारखी बहीण आहे म्हणून निभावलं," म्हणाल्या. चहा घेतला. बरं वाटलं. बाई आपल्या बाजूच्या आहेत.

२० फेब्रु., सोम. कोर्ट.
मामा आले नाहीत. दाराकडे बघून बघून मान अवघडली.
बाईंनी वाचून दाखवलं: वडील नाहीत. आई अधू. बहीण रात्री घराबाहेर. मुलाला धाक नाही. रात्री घराबाहेर! माझंच बोलणं, पण कसं करून टाकलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, घराची जबाबदारी घेणारं दुसरं कोणी? मी मामांचं नाव सांगितलं. "कुठे आहेत ते?" मी पुन्हा दाराकडे बघितलं.
अठरा पूर्ण होईपर्यंत सरकारी सुधारशाळेत. पुण्याकडे कुठेतरी. बबन माझ्याकडे वळून, "ताई, हे काय बोलतायत?"
घरी यायच्या आधी मामांच्या दारात गेले. "अगं, ऐनवेळी सभा निघाली." मग हळूच, "तिथे शिकेल तो. सुतारकाम लागेल हाताला." हे वाक्य त्यांनी आज जुळवलेलं नव्हतं. सुतारकाम! आधीपासून ठाऊक होतं त्यांना.

२६ फेब्रु., रवि.
बबन अजून इथेच, रिमांड होममध्ये ठेवलाय, म्हणून भेट मिळाली. डोकं भादरलंय. कान केवढे मोठे दिसतात.
"सुरेश काय करतो?"
खोटं बोलवेना. "मोर्च्यात झेंडा धरतो."
"तुला माहीत होतं असं होणार?"
"नाही रे, शप्पथ."
"मग मामांचं ऐकलंस कशाला?"
लाडू घेतले नाहीत. मी परत आणले. आईला सांगितलं, खाल्ले.

४ मार्च, रवि.
चाळीच्या चौकात सभा. मी आजवर एकही चुकवली नव्हती, आज गॅलरीतूनच ऐकली. मामा बोलले तरुणांच्या त्यागावर. टाळ्या. आई कान देऊन बसलेली. "बबनचा नाव घेतल्यानी काय गे?"

८ मार्च, गुरु.
हॉस्पिटलातल्या मेट्रननी ओळखीचे वकील दिले. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, मुलाने कबूल केलंय, तुमच्या सांगण्याला आता वजन नाही. कुलूप ज्याने तोडलं तोच येऊन बोलला, तर बघू.
कोण येणार?

११ मार्च, रवि.
आला. सुरेश. दुपारी, मामा बाहेर गेल्यावर. दारातच उभा. "ताई, मी सांगतो कोर्टात. बबनच्या आईसमोरून जाता येत नाही मला." मिसरूड फुटलंय, पण गाल अजून पोराचे. म्हटलं, उद्या सकाळी वकिलांकडे जाऊ. हो म्हणाला. पण दारातून हलला नाही.
"तुरुंगात मोठी माणसं असतील ना माझ्याबरोबर? मारतात? तिथून आणलेली पोरं तू वॉर्डात बघितली असशील. तू खरं सांगशील."
बघितली आहेत. बेड्यांसकट खाटेला बांधलेली, याच्याच वयाची दोन. तुरुंगात त्यांचं काय केलं होतं ते मला ठाऊक आहे, मीच धुतल्या त्या जखमा.
घेऊन जा त्याला म्हणून आतून आई ओरडली, "व्हर त्याका! आताच्या आता व्हर!"
त्याला सांगितलं, मारतात. तो मान हलवून पायऱ्या उतरला.
आला तर नेईन. नाही आला, तर त्याच्या दारात उभं राहून, मामांच्या देखत, त्याला हाक मारायची की त्याला वाचवून बबनला पुण्याला जाऊ द्यायचं, हे आज रात्रीच ठरवायला हवं.