गजांवरची लकाकी

३ जानेवारी १९८९
आज नव्या कामावर आलो. ट्रंक, वेल्डिंगचं मशीन, ऐरण आणि भगवान बुद्धांची तसबीर, सगळा संसार एका रिक्षात मावला. कॅम्प तीनच्या टोकाला, शहाडकडे जाताना ही दगडी इमारत लागते. पूर्वीच्या लष्करी छावणीतलं हे जुनं इस्पितळ. टहलराम शेठ आता त्याचे सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक करतोय. ग्रिल, गॅलरीचे कठडे, जिन्याचं रेलिंग, सगळं लोखंडकाम माझ्याकडे. काम उरकलं की जिन्याजवळची खोली मला कायमची, असा शेठचा शब्द आहे. खोलीला मोरी आहे, खिडकी आहे, खिडकीतून फाटक आणि रस्ता दिसतो.

लग्नानंतरचा बहुतेक काळ मी इकडे भाड्याच्या खोल्यांत आणि चांगुणा गावी, मुरबाडकडे, माझ्या आईच्या सेवेत. आई पावसाळ्यात गेली. आता शेतातले वाल निघाले की चांगुणा इथे येईल. पन्नाशीला टेकल्यावर आमचा संसार सुरू होणार, याचं हसू येतं. संध्याकाळी वंदना म्हटली. मन प्रसन्न आहे.

७ जानेवारी
जुन्या खिडक्यांचे गज उतरवले. चौकोनी, घडीव लोखंड. वेल्डिंगचा एक टाका नाही. आडव्या पट्टीला भोकं पाडून गज आरपार घातलेत आणि टोकं ठोकून बसवलीत. कोण लोहार होता कुणास ठाऊक, त्याला मनातल्या मनात हात जोडले. शेठ म्हणाला, भंगारात घालू नको, गॅलरीच्या कठड्याला लाव, पुराना माल देखके पार्टी खुश होगी. मलाही पटलं.

एक गोष्ट मात्र पाहिली. प्रत्येक गज छातीच्या उंचीवर झिजून गोल झालाय. तेवढाच भाग चांदीसारखा लकाकतो. बाकी सगळा गंज.

माझ्या खोलीच्या खिडकीचे गज मी काढले नाहीत. इतकं चांगलं काम आपल्या घराला पुन्हा कुठून मिळणार?

१२ जानेवारी
कठड्यांना रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग दिला होता. सकाळी पाहतो तर झिजलेल्या जागी रंग नाही. पापुद्रे पडलेले नाहीत, पुसून नेल्यासारखा. तेलकटपणा राहिला असेल म्हणून घासलेटने पुसलं, पॉलिश पेपर मारला, पुन्हा रंग दिला.

फाटकाशी कौसाबाई भाजी घेऊन बसते. ती म्हणाली, किती रंग चारशील रे त्याला, माझ्या बापानंही चारून पाहिला होता. तिचा बाप इथे पाणक्या होता. साथीच्या तापाचे रोगी इथे कुलपात ठेवत. घरचं कोणी येईल म्हणून ते दिवसभर गज धरून फाटकाकडे बघत उभे राहत, आणि घरच्यांना फाटकावरूनच परत पाठवत. मग म्हणाली, तू एकटा जीव, खिडकीत उभा राहत जाऊ नको. वाट बघणारं माणूस त्या लोखंडाला कळतं.

मी म्हटलं, मावशी, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, भूतखेत मानत नाही. ती म्हणाली, तुला मानायला कोण सांगतंय? मेथी घे, ताजी आहे.

१९ जानेवारी
चांगुणाचा भाऊ बबन अंबरनाथहून येऊन गेला. येत्या पाच तारखेला, रविवारी, तो तिला घेऊन येणार. म्हणाला, दाजी, ताईनं पाटा-वरवंटासुद्धा बांधलाय, खोलीची जमीन मजबूत आहे ना बघा.

तो गेल्यावर बराच वेळ खिडकीत उभा होतो. रस्ता बघत. थंडीतलं लोखंड हाताला चावायला हवं. गज कोमट होता.

२५ जानेवारी
दुपारचं जेवण राहिलं. खिडकीत होतो. शेठ चिडला, कठडे कधी बसवणार म्हणाला. अंगणातून दोनदा हाका मारल्या, खिडकीत कोणी दिसलं नाही, असं म्हणतो.

मी तेव्हा त्याच्याकडेच बघत होतो.

२९ जानेवारी
वंदनेला बसलो की मन फाटकाकडे जातं. डोळे मिटले तरी फाटकच.

आज हात सोडवताना कातडं ओढलं गेलं. गज अंगासारखा गरम.

मी कामाला गेलो की चांगुणा दिवसभर या खोलीत एकटी असणार. याच खिडकीत उभी राहून माझी वाट बघणार. तिला हे लागता कामा नये. ती येण्याआधी गज कापायचे. ठरलं.

२ फेब्रुवारी
सकाळीच करवत लावली. उजव्या हाताने करवत, डाव्याने गज घट्ट धरायचा. नाहीतर पातं थरथरतं, तुटतं. सारा जन्म असंच कापलं. आजही तसंच धरलं.

हात अडकेल, तेवढाच विचार केला नाही—

३ फेब्रुवारी
उजव्या हाताने लिहितोय. वही खिडकीच्या कट्ट्यावर होती. डावा हात सुटत नाही. दुखत नाही.

कौसाबाई खिडकीशी आली. आत बघून म्हणाली, सुदाम, अरे सुदाम. मी ओ दिली. ती माझ्या आरपार बघत राहिली, मग टोपली उचलून—

४ फेब्रुवारी
शेठ नवा कारागीर घेऊन आला. त्याला सांगत होता, भगत आदमी था, बिना बताए गाव चला गया. माझ्यासमोर उभा राहून.

भूक नाही. फक्त फाटक.

उद्या ती—

५ फेब्रुवारी
आली. बबनच्या खांद्यावर पाटा. हिरवं लुगडं. फाटकात कोणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

शेठ सांगतोय, गावाला गेला. ती म्हणते, गावाला कसे जातील, मी तिथूनच तर आले.

खिडकीशी आली. मी बोलतोय. तोंडासमोर तोंड. तिला—

गज धरला. माझ्याच हातावर. बबनला म्हणाली, हात लावून बघ, गरम आहे, आत्ताच कोणीतरी—

बबन म्हणतो, ताई, चल, माझ्याकडे चल. ती म्हणते, तू हो पुढं. मी थांबते जरा. येतीलच.

चांगुणा, हात काढ. अजून सुटेल. हात—