देखाव्यातला वारा

अण्णा,

तुमची जहाजं अजून उभी आहेत. मागच्या महिन्यात बघून आलो. काचेआड धूळ साचली आहे, समुद्राचा निळा रंग एका कोपऱ्यात पोपडा धरून वर आलाय, एका होडीचं वल्हं गळून पाण्यावर आडवं पडलंय. पण मोठी गलबतं डोलकाठ्यांसकट ताठ आहेत. तुम्ही गेल्यापासून त्या संग्रहालयावरून माझं सतत जाणंयेणं आहे. सिग्नलला गाडी थांबली की फाटकाकडे बघायचो आणि सिग्नल सुटला की निघायचो. आत कधी गेलो नाही. या वेळी गेलो तेही तुमच्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. कामासाठी गेलो.

काम असं. हिंजवडीच्या पुढे एका बिल्डरची नवी स्कीम उभी राहतेय. इमारतींना त्यानं जलदुर्गांची नावं दिली आहेत आणि विक्री कार्यालयात शिरल्या शिरल्या काचेच्या पेटीत मराठी आरमारातलं एक भलंमोठं शिडाचं जहाज हवं म्हणाला. तिथून समुद्र किती लांब, हे मी त्याला विचारलं नाही. धंद्यात असले प्रश्न विचारायचे नसतात. इमारतींची मॉडेलं करण्यात आज माझा हात धरणारा सहज सापडणार नाही, पण जहाज मी कधी केलं नव्हतं. वर्कशॉपमधली मंडळी म्हणाली, नेटवरून फाईल उतरवू आणि प्रिंटरवर काढू. काढलं. मापाला अचूक होतं आणि साबणाच्या वडीसारखं दिसत होतं. दोर सगळे आहेत पण एकही ताणलेला वाटत नाही, शीड आहे पण त्यात वारा नाही. तेव्हा तुमची आठवण झाली. म्हणजे तुमची नाही, तुमच्या जहाजांची.

तुम्ही जन्मभर जे केलंत ते दरवर्षी मोडलं गेलं. मंडळांचे देखावे. महाल, गुहा, दरबार, लढाया. दोन महिने रात्रंदिवस खपायचं, आणि गणपती उठले की दुसऱ्या दिवशी त्याच कांबी, तोच प्लास्टरचा चुरा टेंपोत. तुम्हाला त्याचं वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही. उलट मोडायला तुम्हीच पहिला हातोडा घालायचात, दुसऱ्यानं मोडलेलं तुम्हाला खपत नसे. न मोडणारं काम आयुष्यात एकदाच मिळालं, ते या संग्रहालयाचं. शाल आणि नारळ मिळाला. नंतर कितीतरी रविवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जायचात आणि बघणाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहायचात. तोंडावर सगळे छानच म्हणतात, खरं ऐकायचं तर मागे उभं राहावं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मांडवातल्या रांगेत मला असंच उभं करायचात. आणि एक नियम होता: ऐकायला उभा राहिलास की तोंड उघडायचं नाही. कुणी शिव्या घालो, कुणी डोक्यावर घेवो. आज बिल्डरांच्या कार्यालयात मी गिऱ्हाइकांच्या मागे असाच उभा असतो. माझ्या धंद्याचं भांडवल म्हणाल तर तेवढंच आहे, हे दोन कान.

ती जहाजं झाली आपल्या स्वयंपाकघरात. बुधवार पेठेतल्या त्या दीड खोलीत दुसरी जागाच नव्हती. मला अजून दिसतं: आईच्या पातेल्यात मैद्याची खळ शिजतेय, तिला कीड लागू नये म्हणून तुम्ही चिमूटभर मोरचूद टाकताय, आणि आई म्हणतेय की हे पातेलं आता पुन्हा स्वयंपाकाला लागणार नाही, यापुढे आमटी तुम्ही जहाजातच करा. तुम्ही हसता. मांजरपाटाचे तुकडे खळीत बुडवून तारेवर ताणता आणि समोर टेबलफॅन लावता. कापड फुगतं, फुगल्या जागीच वाळतं, आणि शीड तयार होतं. मी विशीतला, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पुठ्ठ्याची घरं कापायला नुकताच लागलेला, आणि मला सगळंच कळत होतं. तुम्ही जहाजाच्या मागच्या काठीवर भगवा झेंडा लावलात, टोक मागे सोडून. मी म्हणालो, अण्णा, शीड पुढे फुगलंय म्हणजे वारा मागून येतोय. मग झेंडाही पुढेच उडायला हवा.

तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "इंजिनिअरसाहेब," म्हणालात, "देखाव्यात वारा दारातून येतो."

मग शिडं उलटी का नाहीत, मी विचारलं. शिडानं छाती काढून उभं राहावं, पोट आत घेतलेलं शीड बघायला कोण येईल, असं तुमचं उत्तर. लोक दारातून आत येणार, जहाजं त्यांच्या दिशेनं तोंड करून चाललेली. मागचा झेंडा पुढे वळवला तर शिडाआड जाऊन बसेल, मागे सोडला तर निळ्या पडद्यावर मोकळा दिसेल. "झेंडा दिसला नाही तर जहाज कुणाचं ते कसं कळणार? आणि ते कळणार नसेल तर करायचं कशाला?" तरी चूक ती चूकच, मी म्हणालो. चूक आहे हे मलाही माहितीय, म्हणालात, आणि फॅनचं तोंड माझ्याकडे वळवून माझे कापलेले पुठ्ठे खोलीभर उडवलेत. आई हसली. मला राग आला होता. पुढे वर्षभरात मी कोथरूडला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि वेगळा झालो. लोकांना सांगताना मी शून्यातून वर आलो असं सांगतो. व्याख्यानालासुद्धा बोलावतात हल्ली. त्या शून्यात तुम्ही होता, खळ होती, ताणलेली तार होती, हे सांगत नाही.

तर मागच्या महिन्यात मी तुमच्या काचेसमोर गुडघ्यांवर बसून मोबाईलनं फोटो काढत होतो. दोर डोलकाठीला कसे आवळलेत, शिडाची कड कशी दुमडलीय, सगळं. चोरीच म्हणा. एवढ्यात एक गृहस्थ पाहुण्यांना घेऊन आले. निवृत्त, ताठ पाठ, सगळं आयुष्य जहाजावर काढलेले; हे त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना कळेल असं सांगितलं. मी सवयीनं उठून मागे सरकलो. गृहस्थ थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, इथे वाऱ्याची दोन खाती दिसतायत, शिडांचं वेगळं आणि झेंड्यांचं वेगळं, आणि एकाचा कागद दुसऱ्याकडे गेलेला नाही. पाहुणे हसले. मग म्हणाले, करणाऱ्यानं समुद्र काही पाहिलेला नाही. मिरवणुकीतला ट्रक पाहिलाय. ट्रक पुढे, झेंडा मागे.

इथे मी गप्प राहायचं होतं. तुमचा नियमच तो. किंवा बोलायचंच होतं तर दारातल्या वाऱ्याचं बोलायचं होतं. मला ते तोंडपाठ आहे, या जगात आता फक्त मलाच आहे. मी म्हणालो, "अहो, आपल्या मिरवणुकीत ट्रक हलतो कुठे? झेंडा कुणीतरी मागून ओढून धरला असणार."

सगळे खो खो हसले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून दाद दिली. दारापाशी संग्रहालयाच्या बाई उभ्या होत्या, त्याही हसल्या. मीही हसलो, अण्णा, आणि चांगला मोठ्यानं हसलो. मला दाद मिळाली की मी थांबत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

मंडळी पुढे गेल्यावर बाई जवळ आल्या. मी कार्ड दिलं. मॉडेल करणारा म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. म्हणाल्या, या झेंड्यांनी आम्हाला भंडावून सोडलंय, दर आठवड्याला कुणीतरी शास्त्र सांगायला येतं आणि आमच्या शिपायाशी वाद घालतं. फिरवता येतील का? मी काचेतून बघितलं. कापड इतकं कडक झालंय की हात लावला तर तुकडाच हातात येईल. तसं सांगितलं. मग एक पाटी तरी लावू, त्या म्हणाल्या, तुम्ही यातले जाणकार आहात, दोन ओळी सांगा ना. केलं कुणी होतं, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. आमच्याकडे फक्त 'स्थानिक कारागीर' एवढंच आहे, त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि त्यांच्याच टेबलाशी बसून पाटी लिहून दिली: 'झेंड्यांची दिशा वाऱ्याशी जुळत नाही. ही स्थानिक कारागिराची अनवधानाने झालेली चूक आहे. ती आमच्या लक्षात आलेली आहे. कृपया कर्मचाऱ्यांच्या लक्षात आणून देऊ नये.' बाई खूश झाल्या. चहा पाजला. चहा चांगला होता.

अनवधानाने. हा शब्द मी मुद्दाम निवडला, पाटीला वजन यावं म्हणून. तुम्ही आयुष्यात अनवधानाने एक खिळासुद्धा ठोकला नाहीत. तुमची आईला उलट बोलण्याची पद्धत, तुमची ती तंबाखू, मंडळाच्या कार्यकर्त्यांपुढे तुमचं ते मोठेपण मिरवणं, यांतल्या कशावरही मी पाटी लिहिली असती तर आज जिवाला असं लागलं नसतं. जे तुम्ही समजूनउमजून केलंत, नेमकं त्याच्यावरच लिहिली.

पुढचंही सांगतो. बिल्डरचं जहाज झालं. शिडं मी प्रिंटरवर काढली नाहीत. मांजरपाट आणला, वर्कशॉपच्या पँट्रीत खळ शिजवली, फॅन लावला. मंडळी मला वेड लागल्यासारखं बघत होती. शिडं अशी फुगली की त्यांनी फोटो काढून घरी पाठवले. झेंडे मात्र मी शास्त्राप्रमाणे लावले, टोक पुढे. पेटी कार्यालयात बसवली आणि मागे उभा राहिलो. फ्लॅट बघायला आलेलं एक तरुण जोडपं आत शिरलं. ती म्हणाली, "हाऊ क्यूट. कुठल्या कंट्रीचं शिप आहे हे?" तो म्हणाला, "पायरेट्सचं असेल." आणि दोघं रेट विचारायला गेले. मी दारात जाऊन बघितलं. सगळे झेंडे शिडांच्या आड, भगव्याची एक चिंधी दिसत नव्हती. त्याच संध्याकाळी पेटी उघडून झेंडे मागे वळवले. दुसऱ्या दिवशी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली एक मुलगी दारातूनच आईला म्हणाली, "आई, बघ, आपलं आरमार." मी खुर्चीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता.

तिथूनच बाईंना फोन लावला. पाटी लागली का विचारलं. कधीच लागली, त्या म्हणाल्या, आणि फार छान चाललीय, लोक फोटो काढतात तिचे. मी म्हणालो, ती बदलावी लागेल, ती चूक नाही, तसं करण्यामागे कारण होतं. आणि दाराचं, रांगेचं, शिडाआड जाण्याचं सगळं सांगितलं. बाई शहाण्या आहेत, पटकन समजलं त्यांना. म्हणाल्या, अहो मग हेच लिहू पाटीवर, हे किती छान आहे. मग म्हणाल्या, "एवढं माहितीय म्हणजे करणारा तुमच्या माहितीतला असणार. नाव सांगा ना त्यांचं. 'स्थानिक कारागीर' बरं दिसत नाही."

मी म्हणालो, विचारून सांगतो.

त्याला आता बरेच दिवस झाले. त्यांचा आठवणीचा मेसेज दोनदा येऊन गेला. तोवर जुनीच पाटी आहे आणि लोक तिच्यासमोर उभे राहून तुम्हाला हसतायत. एक नाव टाइप करायचंय, बस. आजही तेच करायला बसलो होतो आणि हे तुम्हाला लिहीत बसलो, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. त्या विचारतील. नावापुढे जे आडनाव येईल तेच माझ्या कार्डावर आहे, आणि ते कार्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, मी पाहिलंय. तुमच्या धंद्याची मला लाज वाटत होती, अण्णा, ते तुम्हालाही माहीत होतं. ती आता वाटत नाही, खरंच नाही; देखावे करणाऱ्याचा मुलगा म्हणून मी उद्या व्याख्यानात उभा राहीन. पण ट्रकचा विनोद झाला तेव्हा त्या बाई दारात उभ्या होत्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, ते त्यांनी पाहिलंय.