साहेबांचा पट्टा

३ तारीख, मंगळवार

साहेबांनी आज मुलाला खांबावर घातलं असतं!

साहेब म्हणजे कुत्रा. नातीने त्याचं काहीतरी नाव ठेवलंय, ते माझ्या जिभेवर बसत नाही. घरातला त्याचा रुबाब बघता साहेबच बरोबर. चालत्या गाडीत मागच्या सीटवरून उडी मारली ती थेट मुलाच्या मांडीत. त्याने करकचून ब्रेक दाबला. खांब हातभर राहिला. घरी आल्यावर साहेब असे उतरले जसा काही त्यांचा सत्कार ठेवलाय.

मुलाची बदली झालीय. बावीस तारखेला सगळे गाडीने जाणार, सात तासांची वाट. मी जाणार नाही. मला विचारलं होतं, मी नको म्हटलं. अशा वेळी माणसं दोनदा विचारतात. एकदाच विचारलं.

आता मुलाने ठरवलंय — बावीसपर्यंत कुत्रा गाडीत बांधून बसायला शिकला तर जाईल, नाहीतर इथे माझ्यापाशी राहील. मला कोणी विचारलं नाही. मी काय, घराबरोबर आलेली वस्तू. शिकवायचं मात्र मीच. बाकीच्यांना खोकी भरायचीत.

५ तारीख, गुरुवार

सूनबाई आणि मी जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. पोरसवदा आहे, पण बोलतो असा की याने चार पिढ्या पुरल्यात. म्हणे पुढच्या सीटवर नको, मांडीवर नको, गळ्यातल्या पट्ट्याला तर बांधूच नका. ब्रेक लागला की मान मोडेल. छातीचा पट्टा घाला, तो मागच्या सीटच्या बेल्टच्या बक्कलात अडकवा. कुत्र्याला बसता यावं, आडवं होता यावं, पुढे मात्र येता येऊ नये. सूनबाई सगळं फोनमध्ये लिहून घेत होती. मी लिहिलं नाही, मला कळलं.

येताना तिने दुकानातून छातीचा पट्टा घेतला. रंग छान, डबी छान. शिलाई एकपदरी! घरी येऊन एक टोक पायाखाली धरलं आणि ओढलं. टराटरा उसवलं. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही मुद्दाम तोडलात." हो, आणि ब्रेक काय लाडाने तोडणार होता?

वीस वर्षं कुशनच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवल्यात मी. चौथीपर्यंतच शाळा, पण चौकोन आणि त्यात फुली काढता येते. उसवलेल्या पट्ट्याला तशीच शिवण घातली, चारही जोडांना. आता कुत्रा तुटेल, पट्टा नाही.

७ तारीख, शनिवार

गाडी दारात उभी. साहेब मागच्या सीटवर बांधलेले, शेजारी मी. अर्धा तास. जाणारे-येणारे बघतायत. समोरच्या घरातली विचारते, आजी, कुठे निघालात? म्हटलं, कुठेच नाही, म्हणून तर बेल्ट लावलाय.

साहेबांनी एक सीट चावली. बरी शिवली होती कोणीतरी.

९ तारीख, सोमवार

चार मिनिटं बसला. एक बिस्कीट त्याला, एक मला. मीही बसलेच होते.

१२ तारीख, गुरुवार

फजिती. मुलगा म्हणाला बाजारापर्यंत नेऊन बघू. साहेब जाताना अगदी शहाण्यासारखे. परत येताना वळणावर काय झालं कोण जाणे, सुटले आणि पुन्हा पुढे. मुलाने गाडी कडेला घेतली. पट्टा बघितला, शाबूत. बक्कल उघडलेलं. मला म्हणतो, "आई, तू खटका नीट बसवला नव्हतास."

मला खटका बसवता येत नाही! बरं.

घरी येऊन निकाल लागला. कुत्रा राहील. सूनबाई तोंड गोड करून म्हणते, आईंना तेवढीच सोबत. म्हणजे ब्याद माझ्या गळ्यात आणि वर उपकार. नात जेवली नाही.

१३ तारीख, शुक्रवार

दुपारी उभ्या गाडीत त्याला पुन्हा बांधलं. मला फक्त माझा खटका बघायचा होता. नीट बसला, टक आवाज आला. साहेब स्वतःभोवती फिरले, आडवे व्हायला पंजा टेकवला — तो बरोबर बक्कलाच्या लाल बटणावर. टक. सुटले.

तीनदा बघितलं. तिन्हीदा तेच.

कोणाला सांगितलं नाही.

१४ तारीख, शनिवार

शिलाई मशीनवर बसले होते. साहेब माझ्या पायावर डोकं ठेवून झोपले. पायडल मारता येईना. तासभर नुसती बसले, काम पडून.

१६ तारीख, सोमवार

साहेबांसाठी गादी शिवली. जाड. कापड उगाच पडून होतं.

१७ तारीख, मंगळवार

दुपारी नात दिसेना. गाडीत सापडली. कुत्र्याला बांधून समोर बसलेली, हाताची घडी घालून, बाई शाळेत बसतात तशी. आठ वर्षांची पोर, घामाने निथळतेय. मला म्हणाली, "आजी, मी चांगलं शिकवत नाही ना? म्हणून तो राहतोय ना?"

मी म्हटलं, कुत्रा मठ्ठ आहे, तुझं काही चुकलं नाही. ती म्हणाली, तो मठ्ठ नाही, मीच आहे.

आता एवढ्याशा पोरीने स्वतःला मठ्ठ म्हणवून घ्यायचं, का, तर आजीला पायावर डोकं हवंय. लाज वाटली. मला सहसा वाटत नाही.

उठले. जाड रेक्झीन काढलं, आत कडक पुठ्ठा घातला, बक्कलावर चढेल अशी टोपी शिवली. माणसाचं बोट आत जातं आणि बटण पटकन दाबता येतं. कुत्र्याचा पंजा जात नाही. मुलाला हाताला धरून गाडीत बसवलं आणि दाखवलं. म्हटलं, माझा खटका नीटच होता. त्याने दोनदा बटण दाबून बघितलं. मग म्हणाला, "आई, तुला हे कळलं कधी?"

आत्ताच, म्हटलं.

१९ तारीख, गुरुवार

पाऊण तास गाडी फिरवली. मुलाने मोकळ्या रस्त्यावर दोनदा मुद्दाम ब्रेक मारला. साहेब पट्ट्यात जरा पुढे झुकले आणि परत मागे टेकले, जहागीरदारासारखे. माझाच जीव वर आला होता, ते जाऊ दे. साहेब पास. नातीने दोघांचे मुके घेतले. माझ्या गालाला कुत्र्याचे केस लागले.

सूनबाईने गादी बघितली. म्हणाली, किती छान, ही पण नेऊ का? न्या. मी काय त्यावर झोपणार आहे?

२१ तारीख, शनिवार

खोकी गेली. घरात बोललं की आवाज परत येतो. मुलाने आज दुसऱ्यांदा विचारलं, येतेस का म्हणून. गाडी भरून झाल्यावर विचारलं. बसायला जागा कुठे होती?

२२ तारीख, रविवार

गेले. साहेब नीट बसले होते, तोंड पुढे. पट्टा मीच अडकवला, दोन बोटं जास्त आवळून — वळून मागच्या काचेतून मला बघता येणार नाही एवढा. मुलाला सांगितलं, कोपरा ओलांडलास की सैल कर. कशाला, म्हणाला. म्हटलं, नवी शिलाई आहे, बसायला जरा वेळ लागतो.