दीपस्तंभचं शेवटचं गाऱ्हाणं

रत्नागिरी,
१७ मे २००४

प्रिय मुकुल,

हे पत्र तुला एसटीतल्या केरूच्या हातून मिळेल. आज संध्याकाळच्या मुंबई गाडीवर त्याची ड्युटी आहे. गाडी लागली की थेट तुझ्या दुकानावर जायचं आणि पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं मी त्याला भैरीदेवाची शपथ घालून सांगितलंय. पोस्टावर विसंबायला वेळ नाही. फोन केला असता, पण तिकडे तुझा मालक शेजारी उभा राहून ऐकतो, आणि इकडे बूथवाली यमुनाबाई माझं बोलणं संपायच्या आत ते अर्ध्या आळीला पोचवते. अक्षर वाकडंतिकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. ओठ सुजलाय आणि उजवा हात भाजलाय. कसा ते सांगते, पण क्रमाने सांगू दे, नाहीतर मी मध्येच काहीतरी भलतंसलतं लिहून बसेन.

काल दीपस्तंभचा मेळावा झाला. आपला दीपस्तंभ फुटबॉल क्लब, जो तुझ्या पायाबरोबरच मेला, त्याच्या आठवणींचा मेळावा! मे महिना, चाकरमानी गावात आलेले, आंबे काढून झालेले, हातांना काम नाही. कोणाच्या तरी डोक्यात आलं की शेवटच्या सामन्याला सहा वर्षं होत आली, तर सगळ्यांनी जमावं आणि त्या सामन्याच्या आठवणी सांगाव्यात. शाळेचा हॉल घेतला, माईक लावला, भिंतीवर आजोबांचा तो फोटो टांगला, ढगळ चड्डीतला, चामड्याच्या बॉलवर पाय ठेवलेला. कोकम सरबत, बटाटेवडे, सगळा थाट. पुढे पुढे करत होता तो संदेश. तुझा मेव्हणा, दीपस्तंभचा शेवटचा फुलबॅक. कालपर्यंत मी त्याला अहोजाहो करत होते. या पत्रात तो 'तो'च राहील.

एकेकाच्या आठवणी ऐकून हसावं की रडावं कळेना. एक म्हणाला त्या दिवशी मैदानावर पाच हजार माणूस होतं. अरे मेल्या, त्या कातळावर पाच हजार शेळ्या मावायच्या नाहीत! हरिश्चंद्र, आपला तेव्हाचा हाफबॅक, अजून शपथेवर सांगतो की ती पेनल्टी नव्हतीच, बॉल त्याच्या खांद्याला लागला, हाताला नव्हे. मागून कोणीतरी ओरडलं, तुझ्या खांद्याला बोटं फुटलीत काय? झालं. हरिश्चंद्राने त्याच्या शर्टाला हात घातला, खुर्ची उडाली, वड्यांचं ताट पालथं झालं, आणि सोडवायला गेलेल्याच्या नाकातून रक्त. चाळिशीला टेकलेले बाप्ये हे! पुन्हा गळ्यात गळे घालून माईकवर आले. एवढं सगळं बोलले, पण तुझं नाव एकाने घेतलं नाही. पेनल्टी 'त्यांच्या माणसाने' मारली, पाय 'त्यांच्या माणसाचा' मोडला. दीपस्तंभची पिवळी जर्सी घालूनच शाळेत जाईन म्हणून जो अंगणात लोळण घ्यायचा, तो यांच्या लेखी त्यांचा माणूस.

बायकांच्या हातात माईक कोण देतो? म्हणून माझी आठवण मी तुलाच सांगते. तुला लांज्याच्या काजूच्या कारखान्यात चिकटवलं ते मीच, आप्पांच्या मागे लागून. कारखान्याचा संघ आहे आणि नोकरी हवी तर त्यांच्याकडून खेळावं लागेल, हे नंतर कळलं. तेव्हाही आप्पा फक्त धुमसले. पण ढालीच्या अंतिम सामन्यात दीपस्तंभसमोर नेमका तुमचाच संघ आला, तेव्हा त्यांनी भरलं ताट अंगणात भिरकावलं. आमटी माझ्या साडीवर उडाली. माझ्या बापाने काढलेल्या क्लबाविरुद्ध त्याचाच नातू खेळणार, तुमची आई असती तर तिला काय वाटलं असतं, असं दिवसभर चाललं होतं. आई असती तर म्हणाली असती, खेळ तो, खेळा आणि घरी येऊन जेवा.

आणि मग ते गाऱ्हाणं. दर सामन्याआधी मधल्या रेषेवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, आणि आप्पांसारखं गाऱ्हाणं अख्ख्या तालुक्यात कोणी घालत नसे. ते एकेक मागणं मागायचे आणि मागोमाग सगळं मैदान, दोन्ही संघ, एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या दिवशी नेहमीचं सगळं मागून झालं. कोणाला इजा होऊ दे नको, पाऊसपाणी नीट पडू दे. मग आप्पा थांबले. नारळावरचा हात काढला नाही, आणि वर मान करून म्हणाले, "जो घरचा असून परक्यासाठी पाय उचलंल, त्याचा पाय त्याच जाग्याला ठेव रे म्हाराजा!" मैदान म्हणालं, "व्हय म्हाराजा!" सवयीने माझ्याही तोंडून गेलं. तू समोर लाल जर्सीत उभा होतास आणि तूही म्हणालास. मी तुझे ओठ हलताना पाहिले.

पेनल्टी तू मारलीस. सामना संपायला आला होता, हरिश्चंद्राने बॉलला हात लावला, आणि तुमच्या संघात दुसरा कोणी पुढे होईना. तू बॉल ठेवलास, कोणाकडे बघितलं नाहीस, आणि कोपऱ्यात घातलास. मग मैदानाभोवतीचा दोर तुटला. तुटला म्हणजे काय, माणसांनी तो अंगानेच तोडला. पहिला मार रेफरीने खाल्ला, त्याची शिटी त्याच्याच तोंडात कोंबली. लांज्याच्या दोन पोरांना गोलच्या जाळीत गुंडाळून तुडवलं. खांब उपटले, मांडवाचे पत्रे ओढून काढले, तांबडी धूळ अशी उठली की माती कुठली आणि रक्त कुठलं ते कळेना. ज्यांच्या घरी आपण गणपतीला आरतीला जातो ती माणसं, मुकुल! डोळे असे झालेले की मी हाक मारली तर ओळखेनात. तू मधे कुठेतरी खाली होतास. मी चपला टाकून आत घुसले, कोणीतरी माझे केस धरून मागे ओढलं. मग तुझी किंकाळी ऐकली. ती किंकाळी मी अजून कधी कधी कुकरच्या शिटीत ऐकते आणि हातातलं काम टाकते.

धुळीतून संदेश बाहेर आला, तुला खांद्यावर टाकून. त्याच्या जर्सीवर तुझं रक्त, तुझा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. त्याने तुला रिक्षात घातलं, स्वतः मांडीवर डोकं घेऊन बसला. आमचा साखरपुडा झालेला, लग्न तोंडावर आलेलं. त्या दिवशी मला वाटलं, देवाने मला माणूस दिला तर असा दिला. सहा वर्षं त्या एका गोष्टीवर मी त्याचं सगळं सोसलं, मुकुल. त्याचं पिणं सोसलं, त्याच्या आईचे टोमणे सोसले. माझ्या भावाला उचलून आणणारा माणूस आहे, म्हणायचे आणि गप्प बसायचे.

दवाखान्यात हवालदार आला तेव्हा तू सांगितलंस की पळताना पडलो, गोलच्या खांबाला टेकू म्हणून ठेवलेल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर पाय आदळला. हवालदाराला तेवढंच हवं होतं. क्लबवाल्यांनी आठवड्यात क्लब बरखास्त केला आणि सुटले. आणि गाव म्हणालं, गाऱ्हाणं फळलं. आप्पांची जीभ काळी, भैरीने शब्दाला शब्द ऐकलं. किती सोयीचं! म्हणजे कोणीच काही केलं नाही, देवाने केलं. माझ्या लग्नात तू कुबड्या घेऊन आलास, संदेशने तुला स्वतःच्या हाताने जिलबी भरवली, तू ती गिळलीस आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलास तो आजतागायत आला नाहीस. तू समजतोस आप्पा अजून रागावलेत. अरे गाढवा, आप्पांना तुझ्यासमोर यायची लाज वाटते. आपल्या तोंडच्या शब्दाने पोराचा पाय मोडला, असं ते मानून बसलेत. त्या दिवसापासून त्यांनी देवाला हात जोडले नाहीत की गाऱ्हाणं घातलं नाही. देव्हारा मी जाऊन पुसते. तुझी पत्रं त्यांना वाचून दाखवताना ते भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि वाचून झालं की एवढंच विचारतात, चालताना दुखतं असं काही लिहिलंय का.

तर काल मेळाव्याच्या शेवटी या लोकांनी काय करावं? आप्पांना व्यासपीठावर बोलावलं आणि शाल पांघरली. कशासाठी, तर त्या ऐतिहासिक गाऱ्हाण्यासाठी! टाळ्या वाजवल्या. आप्पांनी शाल काढून खाली ठेवली, माईक धरला आणि म्हणाले की मी माझ्या पोराचं वाटोळं मागितलं आणि देवाने ते दिलं, तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता. मी त्यांना धरून घरी सोडून आले. वाटभर माझा हात सोडला नाही त्यांनी, पोरासारखे.

माझ्या घरी परतले तर संदेश आणि त्याचे तिघे मित्र पडवीत बाटली उघडून बसलेले. जेवायला थांबणार म्हणून मी सुरमई तळायला घेतली. बाहेर आप्पांचीच गोष्ट चालली होती, म्हाताऱ्याने रंगाचा बेरंग केला म्हणून. आणि तो हसून म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलं, म्हातारा उगाच देवाला बोल लावतो, देव कुठला, चिरा मी उचलला होता. दोन्ही हातांनी उचलला आणि घातला, म्हणे, एका घावात काम. मग स्वतःच खांद्यावर घेऊन आलो, आहे की नाही डोकं? आणि ते तिघे हसले. चकित नाही झाले, मुकुल, हसले. त्यांना ठाऊक होतं. क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. वर एक जण म्हणाला, पोरगा गुणाचा हो, बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून तोंड शिवून बसला.

तुला कोणी सांगितलं होतं रे हे? कोणी विचारलं होतं तुला? तुझ्या पायावर उभा राहिलेला संसार मला नको होता, आणि तू मला न विचारता तो माझ्या गळ्यात बांधलास. मला तुझा इतका राग आलाय की समोर असतास तर दोन थोबाडीत दिल्या असत्या, आणि मग तुझा तो पाय मांडीवर घेऊन रडले असते.

मी तवा उचलला, फडकं न घेता, तसाच. बाहेर गेले आणि तेलासकट त्याच्या अंगावर फेकला. मान आणि छाती भाजली त्याची. त्याने उठून मला ठोसा मारला, मी दारावर आदळले, ते तिघे ग्लास सांभाळत बाजूला झाले. माझी पोर शमिका दारात उभी राहून सगळं बघत होती. तिला काखोटीला मारलं आणि भर उन्हात अनवाणी आप्पांकडे आले.

आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की माणसानेच केलं ना, देवाने नाही ना. मी शमिकाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. मग ते रडले. असे हमसून हमसून रडले की शमिका घाबरून माझ्या मागे लपली. मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली, देव्हाऱ्यासमोर बसले, दिवा लावला. मला वाटलं, चला, सहा वर्षांनी का होईना, म्हातारा सुटला. दिवा लावून उठले आणि खुंटीवरची कोयती काढली. नारळ सोलायला बसावं तसे पायरीवर बसले आणि दगडावर पाणी टाकून धार लावायला लागले. धार बोटाने चाचपत विचारलं, संदेश आता घरीच असेल ना.

काल संध्याकाळी ते निघाले तेव्हा मी त्यांच्या पायांना मिठी मारली आणि कुंपणाच्या गडग्यापर्यंत फरफटत गेले. ते थकले तेव्हा परत फिरले. आज सकाळी पुन्हा निघाले, तेव्हा मी त्यांना माजघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. ते आत आहेत, मी पडवीत बसून हे लिहिते आहे. आतून जात्याच्या दगडावर कोयती घासल्याचा आवाज येतोय. मी स्वतःला सांगते आहे की तो शमिकाचा बाप आहे. सांगते आहे की आप्पांचं वय काय, ते तुरुंगात मरतील. पण मधूनच माझा हात कडीकडे जातो, आणि तो कडी घट्ट करायला जात नाही. म्हणून हे पत्र. मिळेल ती गाडी पकड आणि ये, मुकुल. आप्पांना अडवायला कोणीतरी हवं, आणि मला आता त्यांना अडवावंसं वाटत नाही.

तुझीच,
वैदेहीताई