४४१७ क्रमांकाच्या रायफलीतला बोल्ट

प्रति,
मा. चिटणीस,
संरक्षण व समारंभ विभाग,
नगरपालिका विसोकी डोल,
माँटेनेग्रो

विषय : शुक्रवार दि. २ ऑगस्ट रोजी इलिन्दानच्या सणाला द्यायच्या मानवंदनेत उडवायच्या बारा रायफली त्याआधी एक तास तपासू देणेबाबत. ते शक्य नसल्यास, निदान रायफल क्र. ४४१७ मिलेटा वुलेविच यांच्या हाती न देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ८, १५ व २२ जुलैचे तीन अर्ज.
२) आपली दि. १२, १९ व २६ जुलैची तीन उत्तरे. पैकी शेवटच्या उत्तरात "यापुढे या विषयावर पत्रव्यवहार करू नये" असे कळवण्यात आले आहे.

महोदय,

१. पत्रव्यवहार करू नये असे लेखी कळवलेले असतानाही हा चौथा अर्ज सादर करीत आहे, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. शुक्रवारला चार दिवस उरले आहेत. दिलगिरीला त्यानंतर सवड मिळेल.

२. अर्जदार यागोश वुलेविच, वय ७६, हा १९६९ ते १९९५ या काळात येथील शस्त्रकोठारात बंदुका दुरुस्त करणारा कारागीर होता. १९९१ साली देश फुटू लागला तेव्हा कोठाराची कुलपे निघाली आणि रायफली घरोघर वाटल्या गेल्या. गेल्या वर्षीच्या "शस्त्रे परत करा" मोहिमेत आमच्या वरच्या वस्तीने सदतीस रायफली आपल्याकडे जमा केल्या, आणि त्या गोळा करण्याचे काम वस्तीने अर्जदारावर सोपवले. त्यांतल्या बारा रायफली वितळवायच्या नाहीत, युद्धात पडलेल्यांच्या स्मारकापुढे दरवर्षी त्यांनीच मानवंदना द्यायची, हा आपला ठराव स्तुत्य आहे. अर्जदाराची तक्रार ठरावाविषयी नाही.

३. तक्रार बोल्टविषयी आहे. आपण शहरात वाढलात असे ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे बंदूक भिंतीवर असते आणि ती पुरुषाची. बोल्ट मात्र, म्हणजे ज्याच्याशिवाय ती उडत नाही तो सुटा निघणारा पोलादी भाग, घरातल्या बाईच्या ताब्यात असतो. राकिया चढलेल्या माणसाच्या हाती दोन्ही एकाच वेळी येऊ नयेत, ही सासवांनी सुनांना शिकवलेली युक्ती आहे. बोल्ट लोकरीच्या मोज्यात घालून पिठाच्या पेटीत ठेवायचा, आणि मोज्यावर त्या घराची नक्षी असायची. बांधाच्या भांडणात स्टानोये राइचेविच एकदा बंदूक घेऊन शेजाऱ्यावर धावला, तेव्हा त्याची आई दारात हात पुसत म्हणाली होती, "जा बाळा, जा. काठी म्हणून बरी आहे ती." शेजारी आजही जिवंत आहे.

४. जमा करण्याच्या दिवशी सदतीसही बोल्ट आपापल्या मोज्यांत होते. अर्जदाराने ते तसेच ठेवावेत अशी विनंती केली. वजन करणाऱ्या कर्मचाऱ्याने, "शस्त्रांच्या यादीत मोजे नाहीत," असे सांगून सर्व बोल्ट एका गोणीत ओतले आणि मोजे "इतर वस्तू" म्हणून घरोघर परत केले. पुढे आपल्या विभागाने मोठ्या कर्तव्यदक्षतेने प्रत्येक बोल्टवरचा क्रमांक वाचला, त्याच क्रमांकाची रायफल शोधली आणि जोड्या लावल्या. दि. १२ जुलैच्या उत्तरात आपण लिहिता : "बाराही रायफलींचे क्रमांक बोल्टवरील क्रमांकांशी जुळतात. अर्जदाराने निश्चिंत असावे."

अर्जदार निश्चिंत नाही.

५. बोल्ट पुढे सरकवून दांडी खाली पाडली की त्याच्या तोंडाजवळचे दोन दात आतल्या खाचांमागे अडकतात, आणि काडतुसाचे बूड बोल्टला टेकून राहते. या बुडामागे जी बारीक फट उरते, तिच्यावर नेम धरणाऱ्याचा चेहरा अवलंबून असतो. फट हवी तेवढी असेल तर गोळी पुढे जाते. केसभर जास्त असेल तर पितळी काडतूस ताणले जाऊन बुडाशी फाटते आणि आतला जाळ मागे येतो. प्रत्येक रायफलीची झीज वेगळी, म्हणून प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला मोजून बसवावा लागतो. जर्मन रायफलीचा बोल्ट लांब असल्याने तो आमच्या रायफलीत जातच नाही, तेवढी चूक पोलादच टाळते. पण आमच्या सत्तेचाळीसच्या आणि अठ्ठेचाळीसच्या बनावटीचे बोल्ट धाकट्याच्या अंगात थोरल्याचा सदरा जावा तसे एकमेकांच्या रायफलीत जातात. जातात म्हणजे बसतात असे नव्हे.

त्यातून यंदा नुसत्या आवाजाची काडतुसे वेळेत मागवली गेली नाहीत, म्हणून १९५६ सालची खरी काडतुसे कड्याच्या दिशेने उडवायचे ठरले आहे, असे कळते.

६. हे सर्व अर्जदाराने दुसऱ्या अर्जात लिहून स्वतः तपासणी करून देण्याची तयारी दाखवली होती, आणि कारागिरीचे प्रमाणपत्र जोडले होते. त्यावर आपण कळवलेत की प्रमाणपत्र देणारा देश सध्या अस्तित्वात नसल्याने ते ग्राह्य धरता येत नाही. अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो की रायफलीही त्याच देशाने बनवल्या आहेत आणि त्या आपण ग्राह्य धरल्या आहेत. तिसऱ्या अर्जात अर्जदाराने स्वतःजवळ फट तपासण्याचे पोलादी माप असल्याचे लिहिले. काडतुसाच्या आकाराचा हा तुकडा आत घालून बोल्ट लावून बघायचा. बोल्ट बंद होत नसेल तर रायफल ठीक. बंद झाला तर ती रायफल कोणाच्याही गालाला लावू नये. यावर आपले उत्तर आले की सदर माप लष्करी मालमत्ता असून ते अर्जदाराकडे कसे आले याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. खुलासा असा की ते अर्जदाराने खिशात घालून आणले. पंधरा दिवस थांबण्याची गरज नाही.

खिडकीवरच्या राद्मिलाबाईंचा यात काही दोष नाही. त्या गेल्या सोमवारी म्हणाल्या, "आजोबा, दर सोमवारी तुम्ही येता, मी तुम्हाला कॉफी देते. पण वरचे साहेब म्हणतात, आकडे जुळलेत. जुळलेल्या आकड्यांवर मी काय शेरा मारू?" त्या बरोबर बोलल्या. आकडे जुळले आहेत हीच अडचण आहे, आणि ते का जुळले हे अर्जदाराने तीन अर्जांत लिहिलेले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून शेहेचाळीस वर्षे काढली. आता मूठ उघडतो. इथून पुढे "अर्जदार" असे लिहिता येत नाही. मी लिहितो.

७. १९७३ च्या वसंतात दुरुस्तीहून साठ बोल्ट एका खोक्यात सुटे आले. काहींवरचे क्रमांक घासून काढलेले होते, काहींवर परकेच होते. एकेक बोल्ट प्रत्येक रायफलीत घालून, माप लावून बघायला मला आठ दिवस लागले असते. तपासणी कमिशन दोन दिवसांवर आले होते. मी कप्तानाला तसे सांगितले. तो म्हणाला, "यागोश, कमिशन आकडे वाचतं. पोलाद वाचत नाही." मी ठसे आणि हातोडी घेतली, आणि जो बोल्ट हाताला लागला त्यावर समोरच्या रायफलीचा क्रमांक ठोकला. साठही ठोकले. कमिशनने आमच्या कोठाराची वाखाणणी केली.

दि. ४ मे १९७४ रोजी चांदमारीच्या सरावात रायफल क्र. ४४१७ तिसऱ्या गोळीला मागे फुटली. ती माझ्या धाकट्या भावाच्या, मिलेटाच्या, हातात होती. त्याचा उजवा डोळा गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता.

चौकशी समितीला तांत्रिक मत हवे होते. कोठारात कारागीर मी एकटाच. मी लिहून दिले : "रायफल चालवणाऱ्याने बोल्टची दांडी पूर्ण खाली पाडली नव्हती." खाली सही केली. त्या एका ओळीमुळे दुखापत निष्काळजीपणाची ठरली आणि त्याला कसलेही निवृत्तिवेतन मिळाले नाही. त्याहून वाईट म्हणजे ती ओळ गावभर झाली. आजही मिलेटा दुकानातून बाहेर पडला की कोणीतरी मागून ओरडतोच, "मिलेटा, कडी लावलीस का रे?" पोरे हसतात. तोही हसतो. आमच्या आईनेसुद्धा मरताना त्याला सांगितले होते, "नीट बघून करत जा रे सगळं." मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

८. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी साठही बोल्ट लपूनछपून मापाने तपासले आणि ज्याला जो बसेल तो त्या रायफलीला दिला. बैल गेला अन् झोपा केला. क्रमांक मात्र पुन्हा बदलले नाहीत, कारण बदलले असते तर आधी ते कोणी ठोकले हे विचारले गेले असते. ४४१७ चा ठसा असलेला बोल्ट पुढे स्टानोये राइचेविचकडे गेलेल्या रायफलीला अगदी चोख बसला. १९९१ साली वाटप झाले तेव्हा मी घरोघर जाऊन बायकांच्या हाती एकेक बोल्ट दिला आणि बजावले, "क्रमांकाकडे बघू नका, मोज्याकडे बघा." त्यांनी कारण विचारले नाही. सत्तावीस वर्षे एकही बोल्ट दुसऱ्याच्या मोज्यात गेला नाही. आमच्या वस्तीची खरी शस्त्र-नोंदवही म्हणजे ते मोजे होते, महोदय, आणि ती आपण "इतर वस्तू" म्हणून परत केलीत.

आता आपण सगळे बोल्ट पुन्हा क्रमांकाप्रमाणे लावले आहेत. म्हणजे १९७३ साली मी जसे लावले होते, नेमके तसे.

९. दि. २४ जून रोजी स्मारकाच्या फलकावर मानवंदनेची यादी लागली. पथकातला सर्वांत वयस्कर म्हणून पहिली गोळी मिलेटा उडवणार आहे. त्याच्या नावापुढे, "त्यांच्या घरची रायफल" म्हणून, ४४१७ लिहिले आहे. तीच रायफल आणि तोच बोल्ट. नेम तो आता डाव्या डोळ्याने धरतो.

मी त्याला जाऊ नको म्हटले. तो म्हणाला, "का? पुन्हा कडी लावायची विसरेन म्हणून? या वेळी अख्खं गाव बघत असेल, यागोश. सगळ्यांसमोर खाली पाडीन ती दांडी. आवाज ऐकू जाईल अशी पाडीन." पाच आठवड्यांपासून तो अंगणात केरसुणीची काठी घेऊन त्याचाच सराव करतो. त्याची सून मला कुंपणावरून म्हणाली, "काका, इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नाही." मी घरी आलो आणि आपल्याला पहिला अर्ज लिहिला. खरे लिहिण्याचे धैर्य नव्हते म्हणून फटीबद्दल लिहिले.

१०. तरी विनंती की,
अ) गुरुवारी कोणत्याही अधिकाऱ्यासमोर, हवे तर मला बेड्या घालून, बारा रायफली आणि सदतीसही बोल्ट एक तास माझ्यापुढे ठेवावेत. हात मोकळे असले तर बरे, पण तसेही जमवीन.
आ) ते नियमात बसत नसेल तर नगरपालिकेने हे माप स्वतःच्या शिपायाकडून लावून घ्यावे. कसे लावायचे ते वर लिहिले आहे. त्यासाठी अस्तित्वात असलेल्या देशाचे प्रमाणपत्र लागत नाही.
इ) तेही नियमात बसत नसेल तर ४४१७ मला द्यावी. मी मिलेटापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, त्यामुळे वयाचा नियम मोडत नाही. पहिली गोळी मी उडवीन. ती रायफल मुळात माझ्याच तोंडावर फुटायला हवी होती.
ई) १९७४ च्या चौकशीतील माझे मत खोटे होते, ही माझी लेखी कबुली समजून ती संबंधित दप्तराला जोडावी. जे दप्तर त्या देशाबरोबर गेले असेल, ते नव्याने उघडावे.

खोटे ठसे मारणे, खोटे मत देणे आणि माप चोरणे, या तिन्ही गुन्ह्यांची शिक्षा मला मान्य आहे. फक्त ती शुक्रवारनंतर द्यावी, कारण त्याआधी मला काम आहे.

आपला, नम्र राहणे आता परवडत नसलेला,

यागोश वुलेविच
वरची वस्ती, विसोकी डोल
सोमवार, दि. २९ जुलै २०१९

सोबत :
१. फट तपासण्याचे पोलादी माप, नग एक (काम झाल्यावर लष्कराला परत करावे).
२. अंकांचे ठसे, शून्य ते नऊ. चारचा ठसा कोपऱ्यात तुटका आहे. बाराही बोल्टांवरचा प्रत्येक चार भिंगाखाली पाहावा, तोच तुटका कोपरा दिसेल. एरवी माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.
३. राइचेविचांचा मोजा, लाल-काळ्या नक्षीचा.

प्रत माहितीसाठी : मिलेटा वुलेविच.

टीप : वरील प्रत आज दुपारी त्याच्या अंगणात मी स्वतः वाचून दाखवली, कारण हाताने लिहिलेले बारीक अक्षर त्याला एका डोळ्याने वाचता येत नाही. त्याने परिच्छेद ७ दोनदा वाचायला लावला. उद्या सकाळी आठ वाजता तो माझ्याबरोबर आपल्या कार्यालयात येणार आहे. त्याला खिडकीवर रांगेत उभे करू नये. हातातली केरसुणीची काठी भिंतीला टेकवताना स्वतःशीच एवढेच म्हणाला, "म्हणजे मी कडी लावली होती."